कांडीची मूठ

सोलापूरजवळ वळसंगला आमच्या गोदामात, तुरीच्या पोत्यांच्या मागे, व्हिडिओ गेमची एक लाकडी पेटी वीस-बावीस वर्षं पडून होती. तिच्यावर कधी सुतळीचे गठ्ठे ठेवले जायचे, कधी मोडका तराजू. मागच्या वर्षी माझ्या मुलीचा पुण्याहून फोन आला आणि तिने विचारलं, बाबा, ती पेटी आहे का अजून? मी लगेच म्हणालो, आहे म्हणजे काय, जपून ठेवलीय. ‘जपून’ हा शब्द इतक्या सहज तोंडातून गेला की मला स्वतःलाच तो खरा वाटला. पुढे माझे असे आणखी शब्द येणार आहेत, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

माझी मुलगी मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत काम करते. खेळातला माणूस पळतो, उड्या मारतो, मरतो. त्याच्या मागची झाडं, दगड आणि ढग ती काढते. तिच्या कंपनीला गेमच्या एका मोठ्या प्रदर्शनात जुन्या खेळांचा कोपरा लावायचा होता. परदेशी जुनी यंत्रं त्यांना मिळाली होती, पण आपल्याकडच्या गावात बनलेलं असं काही मिळत नव्हतं. तिने कंपनीत सांगितलं होतं की माझ्या बाबांचं सोलापुरात गेमचं पार्लर होतं. ते ऐकून मला फार बरं वाटलं. धान्याच्या आडत दुकानात आयुष्य गेलेल्या माणसाला मुलीच्या ऑफिसात कुणी ओळखतं, हे काही थोडं नव्हतं.

पार्लर म्हणजे वडिलांच्या दुकानाला लागून असलेली एक खोली. मी पंचविशीचा होतो. घरात कानडी, गिऱ्हाइकांशी मराठी, आणि डोक्यात पोती सोडून दुसरं काहीतरी करायची खुमखुमी. तीन टीव्ही, तीन गेमचे खोके आणि खेळायच्या काठ्या, म्हणजे जॉयस्टिक, आणून मी धंदा सुरू केला. पोरं तुटून पडली. अडचण एकच होती, विकतच्या काठ्या आठवडाभरही टिकत नसत. पोरं त्या अशा पिरगाळायची की कुणाचा तरी जुना राग काढतायत असं वाटावं. प्लास्टिकची मूठ तटकन तुटायची, आत स्प्रिंग लोंबायची, आणि मी ती हातात धरून गल्ल्यावर बसलेला असायचो.

अण्णा मला असाच भेटला. तो ज्वारी घ्यायला वडिलांच्या दुकानात यायचा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात तो जॉबर होता, म्हणजे यंत्रमाग बिघडला की तो उघडून परत चालू करणारा माणूस. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. माझ्यापेक्षा वीस-एक वर्षांनी मोठा असेल. मागांच्या खडखडाटात उभं आयुष्य काढल्यामुळे त्याला ऐकू फार कमी यायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने माझ्या हातातली मोडकी काठी बघितली, घेतली, खिशात टाकली आणि ज्वारीची पिशवी उचलून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने ती परत आणली. मूठ म्हणून त्याने कांडी बसवली होती, ज्या लाकडी कांडीवर सूत भरून ती धोट्यात घालतात ती. वर्षानुवर्षं सुताने घासून ती इतकी गुळगुळीत झाली होती की हात आपोआप तिच्यावर बसायचा. आत मागाची स्प्रिंग होती आणि काठी आपटून वाजू नये म्हणून मागावर धोट्याला ठोकणाऱ्या जुन्या पिकरच्या चामड्याची चकती. ती काठी कधी तुटली नाही, आणि पोरं ‘कांडीवाला’ टीव्ही मिळावा म्हणून भांडायला लागली.

मग अण्णा सुट्टीच्या दिवशी यायला लागला. त्याने तिन्ही काठ्या बदलल्या आणि नंतर म्हणाला, टीव्ही उघडा ठेवू नको, पोरं पाडतील. म्हणून त्याने सागवानी फळ्यांची पेटी बनवली. पेटी करून दे म्हणायला मी काही त्याच्याकडे गेलो नव्हतो. पेटीला त्याने एकही स्क्रू लावला नाही, सगळीकडे पाचरी मारल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “हादऱ्यानं स्क्रू निघतो की. पाचर आजून घट्ट बसती.” पेटी चालू झाली की तो आवाज ऐकायचा नाही, बाजूच्या फळीवर तळवा टेकवायचा आणि काय सैल आहे ते सांगायचा. मला तो तम्मा म्हणायचा. कानडीत धाकट्या भावाला तसं म्हणतात. माझी भाषा म्हणून त्याने मुद्दाम तो शब्द उचलला होता.

मी त्याच्याशी ओरडून बोलायचो, अगदी कानाजवळ जाऊन. तो हसायचा आणि माझ्या खांद्याला धरून मला समोर फिरवायचा. “वरडू नको. तोंड हिकडं कर की, तम्मा.” मला वाटायचं, आवाज सरळ यावा म्हणून म्हणत असेल. मोठ्या माणसाशी पाठ फिरवून बोलू नये, असंही असेल. मी यापेक्षा जास्त विचार केला नाही.

खंडेनवमीला कारखान्यात मागांची पूजा झाली की तो हळद-कुंकू घेऊन पार्लरमध्ये यायचा. पेटीच्या फळीला बोटं लावायचा, काठीच्या बुडाशी फूल ठेवायचा, उंबऱ्यावर नारळ फोडायचा. कॉलेजची दोन-चार शिकलेली पोरं तेव्हा पार्लरमध्ये यायला लागली होती, त्यांच्यासमोर मला त्याचं कसंतरी व्हायचं. मी बाहेर जाऊन उभा राहायचो. खोबरं मात्र मी खायचो.

याच सुमारास मला पुण्याच्या एका प्रदर्शनाचं कार्ड आलं. फक्त पार्लरवाल्यांसाठी आणि वितरकांसाठी, असं त्यावर छापलेलं होतं. मी ते कार्ड पाच-सहा जणांना दाखवलं. यंत्रातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून अण्णाला म्हणालो, चल, आपल्या दोघांचा धंदा आहे, आपण दोघं बघून येऊ. ‘आपल्या दोघांचा’ हे मी नेहमी म्हणायचो. तो एक दिवस सुट्टी टाकून आला. नवा शर्ट, खांद्यावर टॉवेल, हातात अवजारांची कापडी पिशवी. मी मेहुण्याचा कोट घातला होता.

प्रदर्शन एका मंगल कार्यालयात होतं. आदल्या दिवशीच्या लग्नाच्या माळा स्टेजवर तशाच लोंबत होत्या, आणि त्यांच्याखाली उभ्या उंच परदेशी पेट्यांच्या रांगा होत्या. टाय लावलेली माणसं आमच्यासारख्यांना हात जोडून सरबत देत होती. कुणी मिरजेचा, कुणी नगरचा, कुणी लातूरचा. सगळे छातीला नावाची चिठ्ठी लावून एकमेकांना ‘शेठ’ म्हणत होते. सगळ्या पेट्या एकदम वाजत होत्या. मला पहिल्यांदाच कुणी शेठ म्हटलं आणि मी फार हुरळून गेलो.

मी एका विक्रेत्याशी बोलत असताना अण्णा दहा-बारा पावलांवर एका महागड्या पेटीच्या मागे गेला. गुडघे टेकून बसला, मागचं झाकण काढलं आणि आत हात घातला. त्याला काठीची रचना बघायची होती. विक्रेत्याने ते पाहिलं. मग अण्णाचा टॉवेल पाहिला, पिशवी पाहिली आणि माझ्याकडे वळून कपाळाला आठी घालून विचारलं, हा कोण, तुमच्याबरोबरचा का?

मी मान वळवून अण्णाकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता. मी म्हणालो, “हमाल आहे. सामान उचलायला आणलाय.”

त्या क्षणी मला काय वाटलं ते लपवत नाही. मला हायसं वाटलं. विक्रेता हसला, मला आणखी एक सरबत दिलं आणि आम्ही पुढे बोलत राहिलो. अण्णाने झाकण जागच्या जागी बसवलं. उठला, टॉवेलला हात पुसले आणि आमच्याकडे आला. माझ्या पायाशी माहितीपत्रकांचा गठ्ठा आणि माझी बॅग होती. त्याने दोन्ही उचलली. मग दिवसभर तो ती उचलून माझ्यामागे दोन पावलं चालत राहिला. मी एकदा म्हणालो, राहू दे, मी घेतो. त्याने दिली नाहीत. मला वाटलं, किती जीव लावतो हा माणूस.

परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसला. कुर्डुवाडी येईपर्यंत मी त्याला दोनदा काहीतरी विचारलं, पण त्याने खिडकीबाहेर केलेलं तोंड आत वळवलं नाही. दमला असेल, गाडीच्या आवाजात ऐकू आलं नसेल, असं मी धरून चाललो. घरी पोचल्यावर मी ते मनात पक्कं करून टाकलं. दहा-बारा पावलांचं अंतर, एवढा गोंगाट, त्यात तो अर्धा बहिरा. ‘हमाल’ हा शब्द त्याच्यापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. या एका गोष्टीवर मी तीस वर्षं निवांत झोपलो.

मी दोन परदेशी पेट्या आणल्या. अण्णाची पेटी आधी कोपऱ्यात गेली, मग मागच्या खोलीत. त्या खंडेनवमीला तो आला नाही. त्याच्याकडे जाऊन यावं, असं माझ्या मनात आलं आणि गेलं. खरं सांगायचं तर आता नारळ फुटणार नाही, याचं मला बरंच वाटलं. पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले, पोरं सायबर कॅफेत जायला लागली, परदेशी पेट्या भंगारात गेल्या आणि मी पुन्हा पोत्यांमध्ये येऊन बसलो. अण्णाची पेटी तेवढी वळसंगला गेली, कारण लाकूड चांगलं होतं आणि फेकायला जीव होत नव्हता.

तर ती पेटी टेम्पोत घालून आम्ही पुण्याला नेली. निघण्यापूर्वी मी ती साबणाने धुवायला घेतली होती. मुलीने हात धरला. फळीच्या खालच्या बाजूला हळद-कुंकवाचे जुने डाग होते, ते तिच्या लोकांना हवे होते. ते म्हणे अस्सल आहेत. ज्या डागांना लाजून मी रस्त्यावर जाऊन उभा राहायचो, त्यांचे फोटो आता काढले जात होते.

प्रदर्शन शहराबाहेरच्या एका अवाढव्य हॉलमध्ये होतं. शेठ लोक कुठेच नव्हते. विकायला ठेवलेलं असं काही दिसत नव्हतं आणि तरी सगळे काहीतरी विकत होते. भिंतीएवढे पडदे, धूर, रंगीत केस लावलेली पोरंपोरी, खेळातल्या पात्रांचे वेश. एका स्टेजवर दहा जण कानांना हेडफोन लावून खेळत होते आणि हजारभर लोक खाली बसून नुसते बघत होते. आमच्या पार्लरमध्ये कुणी बघत उभा राहिला तर आम्ही त्याला हाकलायचो. मुलगी म्हणाली, बाबा, आता बघणं हाच खेळ आहे. मला ते कळलं नाही, पण मी मान हलवली.

जुन्या खेळांच्या कोपऱ्यात मात्र सगळ्यात लांब रांग होती. पोट सुटलेले चाळिशीतले बाप पोरांना घेऊन उभे होते आणि पोरांपेक्षा स्वतःच पुढे घुसत होते. एकाने कॅसेट काढली, तिच्यात फुंकर मारली आणि बायकोकडे बघून ओशाळं हसला. अण्णाच्या पेटीपाशी आला की प्रत्येक जण त्या कांडीवर हात ठेवायचा आणि लवकर काढायचा नाही. एक जण तर सोलापूरचाच निघाला. म्हणाला, काका, ही कांडी माझ्या आईच्या हातातली आहे, ती घरी कांड्या भरायची. त्याचे डोळे भरले. या लोकांना जुना खेळ हवा होता की त्या वेळचा आपला हात हवा होता, मला सांगता येणार नाही. मला स्वतःला मात्र ते सगळं फार गोड वाटत होतं. आठवणीतला मी एक उत्तम माणूस होतो.

तेवढ्यात कॅमेरा घेतलेली एक मुलगी आली आणि तिने विचारलं, हे कुणी बनवलं? भोवती वीस-पंचवीस माणसं होती, माझी मुलगी शेजारी उभी होती. मी म्हणालो, “मीच बनवलं.”

जिभेला एकदा वाट मिळाली की ती थांबत नाही. कांडीची मूठ मला कशी सुचली, स्क्रूऐवजी पाचरी का मारल्या, हादऱ्याने पाचर कशी आणखी बसते, हे सगळं मी सांगितलं. अण्णाचं वाक्य जसंच्या तसं मी माझं म्हणून वापरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलीने त्या दुपारी एक पाटी छापून आणून पेटीवर लावली, ‘सोलापूरच्या एका पार्लरवाल्याने स्वतःच्या हातांनी बनवलेली’. ती पाटी लावताना तिच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, तो बघून तरी मी गप्प बसायला नको होतं. पण मी गप्प बसलो. एवढंच नाही, पाटी जरा डावीकडे वाकडी झालीय, असंही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठी अडकली. डावीकडे जाईना. रांगेतली माणसं खोळंबली आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. साहजिकच होतं, बनवणारा समोर उभा होता. कुणीतरी स्क्रूड्रायव्हर आणून दिला. मी तो हातात धरून पेटीभोवती फिरलो, पण स्क्रू कुठे असतील तर लावणार ना! पाचर कुठल्या बाजूने ठोकली की निघते, ते मला माहीत नव्हतं. एक ठोकली तर ती आणखी आत गेली. मी वेळ मारून न्यायला म्हणालो की इथल्या दमट हवेनं लाकूड फुगलंय. पुण्यातल्या कोरड्या थंडीत, एसी लावलेल्या हॉलमध्ये. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पेटीवर ‘बंद आहे’ असा कागद चिकटवला आणि पाटी काढून पिशवीत ठेवली.

संध्याकाळी तिने चहा पिताना शांतपणे विचारलं, बाबा, ती कुणी बनवली? मी अर्धं सांगितलं. एक जॉबर होता, त्याने मदत केली होती, कल्पना तशी दोघांचीच. तिने विचारलं, ते आहेत का? मी म्हणालो, गेला असेल आता, वय झालं होतं. आमच्या दुकानापासून त्याचं घर चालत पाऊण तासावर. तो जिवंत आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं आणि मी त्याला बसल्या जागी मारून टाकला होता.

पुढच्या रविवारी ती काठी बसवलेली फळी पेटीतून कशीबशी सुटी करून सोलापूरला आली आणि मला घेऊन पूर्व भागात गेली. घर विचारत विचारत सापडलं. रस्त्यावर एकही माग वाजत नव्हता, कारखान्याच्या जागी गाड्या धुण्याचं दुकान होतं. अण्णाची सून दारातच विड्या वळत बसली होती. तिने हाक मारली नाही, मांडीवरचं सूप न हलवता आत नुसता हात केला. आत खाटेवर अण्णा बसला होता. पार वाळलेला, डोळ्यांना जाड भिंगं, पण मला बघताक्षणी म्हणाला, “तम्मा.”

मी सवयीने त्याच्या कानापाशी वाकलो आणि ओरडलो, अण्णा, कसा आहेस? सून दारातून म्हणाली, “कानात वरडू नका, त्येनला आता कायबी ऐकू येत न्हाय. समोर बसून बोला. तोंड बगून समदं कळतंय त्येनला.”

मी विचारलं, कधीपासून? ती हसली. सोलापूरचा असून काय विचारतोय, असं तिला वाटलं असावं. “कदीपासून म्हंजे? मागावरची समदी मान्सं तशीच बोलत्यात की. त्या आवाजात कोन कुनाचं ऐकतंय? आमचा सासरा तर पार त्या टोकाच्या मागावरल्याचं बोलनं हितनं वळकायचा.”

दहा-बारा पावलं. हॉलमधला गोंगाट, ज्याच्यावर माझी सगळी मदार होती, तो त्याच्यासाठी नव्हताच. मी विक्रेत्याला उत्तर देताना मान त्याच्याकडे वळवली होती. तोंड हिकडं कर, असं तो नेहमी सांगायचा, आणि त्या दिवशी मी नेमकं केलं होतं. म्हणून त्याने माझी बॅग उचलली. हमाल म्हटलं, म्हणून दिवसभर हमाली केली. आणि गाडीत मी काय बोलतोय ते त्याला वाचायचं नव्हतं, म्हणून तो खिडकीबाहेर बघत बसला. हे सगळं एका दमात कळलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने फळी त्याच्या मांडीवर ठेवली. अण्णाने कांडीवर तळवा फिरवला, मग फळीचा कोपरा धरून पाचरीवर अंगठ्याने एक ठोसा दिला, उलट्या बाजूने. पाचर बाहेर आली. आत चामड्याची चकती वाळून वाकडी झाली होती. त्याने ती काढली आणि सुनेकडे तेलाची बाटली मागितली. मुलगी भारावून गेली होती. तिने मोबाइल काढला आणि म्हणाली, आजोबा, बघा तुमच्या पेटीला केवढी गर्दी होती.

तिला दाखवायची होती ती गर्दी. पण तिच्या मोबाइलवर प्रदर्शनाचा एकच व्हिडिओ होता, त्या कॅमेरावाल्या मुलीने काढलेला, आणि त्यात मी बोलत होतो. मी हात पुढे केला, पण काय म्हणून थांबवणार होतो? अण्णाने भिंगं नाकावर सरकवली आणि मोबाइल जवळ धरला. आवाज बंद होता. त्याला आवाजाची गरज नव्हती. मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होतो. ते गर्दीवर नव्हते, माझ्या तोंडावर होते. व्हिडिओ संपेपर्यंत तो हलला नाही.

मग त्याने मोबाइल तिला परत दिला, चामड्याला तेल चोळायला घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “ह्या खेपेला हमाल तरी न्हाय म्हनलास.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला काहीतरी धरायला मिळालं असतं. मुलीने विचारलं, हमाल म्हणजे? काय म्हणतायत ते, बाबा? मी खाटेसमोर खाली बसलो, तोंड त्याच्याकडे केलं आणि त्याने वर बघण्याची वाट बघितली. त्याने बघितलं. मग मी म्हणालो की अण्णा, चुकलो, त्या दिवशीही आणि परवाही. पण म्हणालो ते नुसते ओठ हलवून. आवाज काढलाच नाही. मुलगी माझ्या पाठीमागे उभी होती, तिला काही कळू नये एवढी अक्कल माफी मागतानाही मी शाबूत ठेवली होती.

अण्णाने चकती जागेवर बसवली. माझ्याकडे बघितलं, माझ्या खांद्यावरून मागे माझ्या मुलीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं.

“मला कळलं,” तो म्हणाला. “आता लेकीला ऐकू येईल आसं सांग.”

सून विड्या वळायची थांबली होती. मी उठून मुलीकडे वळलो, आणि वळताना लक्षात आलं की आता माझी पाठ त्याच्याकडे झालीय. मग खाटेच्या कडेला, दोघांनाही माझं तोंड दिसेल अशा बेताने बसलो आणि मंगल कार्यालयातल्या त्या सरबतापासून सांगायला सुरुवात केली.